ठसा आणि कुलूप

मराठीत 'बाहेरचे' हा एक विलक्षण शब्द आहे. बाहेरचे खाऊ नकोस असे आई बजावते, तेव्हा त्यात पोटाची काळजी असते. बाहेरची बाधा झाली म्हणतात, तेव्हा त्यात भुताची भीती असते. घरातली गोष्ट बाहेरच्यांना सांगू नये, यात अब्रूचा प्रश्न असतो. आम्हा इंदूरच्या मराठी माणसांना तर हा शब्द स्वतःच्याच संदर्भात ऐकण्याची सवय आहे. होळकरशाहीपासून पिढ्यान्‌पिढ्या इथे मराठी नांदते आहे, १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन साहित्य संमेलने या गावाने पाहिली आहेत. तरीही पुण्या-मुंबईचा पाहुणा सहज बोलून जातो, 'बाहेर राहून तुम्ही मराठी चांगली टिकवली आहे हं!' सीमेवर राहणाऱ्या वाचकांना या वाक्यातली गोडी आणि बोच दोन्ही वेगळ्याने सांगायला नकोत. बाहेर म्हणजे कशाच्या बाहेर? नीट पाहिले तर हा शब्द त्या वस्तूविषयी वा माणसाविषयी काहीच सांगत नाही. बोलणारा कोठे उभा आहे, एवढेच तो सांगतो.

हा शब्द आता आपल्या खिशातल्या फोनमध्ये येऊन बसला आहे. तेथे त्याला 'अनोळखी स्रोत' असे भारदस्त नाव मिळाले आहे. अँड्रॉइड जातीच्या फोनमध्ये एखादे ॲप घ्यायचे तर त्याचे अधिकृत दुकान म्हणजे गूगलचे प्ले स्टोअर. पण तेच ॲप एका फाइलच्या रूपाने दुसरीकडूनही मिळू शकते. तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' ही तीन अक्षरे असतात. ती कोणा संकेतस्थळावरून उतरवता येते, व्हॉट्सॲपवर पाठवता येते, किंवा जेल रोडवरच्या मोबाइलच्या दुकानातला पोऱ्या 'डाल देता हूँ, अंकल' म्हणत टाकून देतो. अशी फाइल उघडली की फोन थबकतो, धोक्याची सूचना देतो आणि परवानगी मागतो. २०१७ साली आलेल्या आठव्या आवृत्तीपूर्वी या परवानगीचे एकच बटण होते. ते दाबले की सगळी वेस उघडी. त्यानंतर प्रत्येक वाटेला वेगळी परवानगी लागू लागली. आयफोनवाल्यांनी मात्र ही वाट पहिल्यापासून बंदच ठेवली. युरोपात नवा कायदा आला, म्हणून २०२४च्या मार्चपासून तेथे त्यांना दुसऱ्या दुकानांना जागा द्यावी लागली.

वास्तविक या प्रकाराला वेगळे नाव असावे, हेच नवल आहे. नव्वदच्या दशकात छापखान्यात संगणक आले तेव्हा मराठीचे टंक फ्लॉपीवरून येत. कोणी मित्राकडून आणी, कोणी विक्रेत्याकडून. यंत्र कधी विचारत नसे की हे कोणत्या दुकानातून आणलेत. तेव्हा 'आतून' आणि 'बाहेरून' असा भेदच नव्हता. २००८च्या जुलैत ॲपलने पाचशे ॲप्सचे आपले दुकान उघडले, मग गूगलचे आले, आणि मोठा दरवाजा उभा राहिल्यावर बाकीच्या सगळ्या वाटा आपोआप आडवाटा ठरल्या. आडवाट ही आधी नसतेच. राजमार्ग झाल्यावर ती तयार होते.

असो. तंत्राची बाजू एवढीच पुरे. मला विचार करावासा वाटतो तो त्यामागच्या जुन्याच प्रश्नाचा. मी पैसे मोजून घेतलेल्या यंत्रात काय ठेवावे, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा? माझे हित मला कळत नाही असे ज्याला वाटते, त्याने माझ्याच हितासाठी माझ्या दाराला बाहेरून कडी घालावी काय?

*

कडी घालणाऱ्याची बाजू आधी ऐकली पाहिजे, कारण ती दुबळी नाही.

२०२४च्या नोव्हेंबरात हिमाचल प्रदेशच्या पोलिसांनी लोकांना एका नव्या फसवणुकीबद्दल सावध केले होते. व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका येते. ती चित्र नसते, एपीके फाइल असते. उत्सुकतेने ती उघडली की फोन परवानगी विचारतो, घाईत ती दिली जाते आणि पत्रिकेऐवजी एक ॲप आत येऊन बसते. ते संदेश वाचण्याची मुभा मागते. ती मिळाली की बँकेचा ओटीपी आपल्याआधी चोराच्या हाती पडतो. पुढे हीच क्लृप्ती वाहनाच्या चलनाच्या नावाने झाली, पीएम-किसानच्या नावाने झाली, थकलेल्या वीजबिलाच्या नावाने झाली. आयुष्यभराची पुंजी एका दुपारी गेलेली माणसे आज कोणत्याही शहरात सापडतील.

आता पाहा, चोराने लग्नपत्रिकाच का निवडली? इंदुरात लग्नाची पहिली पत्रिका खजराण्याच्या गणपतीला वाहण्याची रीत आहे. आमंत्रण हे आपल्याकडे कागद नसते, मान असतो. ते न उघडणे म्हणजे देणाऱ्याचा अपमान. ज्या संस्कारामुळे माणूस माणसाला धरून असतो, त्याच संस्काराचा चोराने गळ केला. अशा वेळी ज्याला यंत्राचे काही कळत नाही त्याला स्वातंत्र्याचा उपदेश करणे क्रूरपणाचे आहे, असे कुलूपवाला म्हणतो. पोहता न येणाऱ्याला विहिरीच्या काठावर उभे करून 'निर्णय तुझा' असे म्हणणे हा काही त्याचा आदर नव्हे.

हे म्हणणे मला मान्य आहे. पण त्याच उदाहरणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. असा एखादा फोन चोराच्या ताब्यात गेला की ती पत्रिका पुढे त्याच फोनातल्या ओळखीच्या माणसांकडे जाते. म्हणजे ती अनेकदा अनोळखी क्रमांकावरून येतच नाही. मामांच्या क्रमांकावरून येते, सोसायटीच्या चिटणिसांच्या क्रमांकावरून येते. फोन तिला 'अनोळखी' म्हणतो आणि डोळ्यांना तर मामांचे छायाचित्र दिसते. मग माणूस यंत्रावर विश्वास ठेवील की मामांवर? ओळखीचे म्हणजे सुरक्षित आणि अनोळखी म्हणजे घातक, हे समीकरण तेथेच कोसळते. चोर भिंतीच्या भगदाडातून येत नाही. तो नात्याच्या दारातून येतो.

आणि मोठ्या दरवाजाचे काय? लोकांचे फोटो आणि संपर्क पळवून, त्यांच्या नातेवाइकांना धमक्या देऊन वसुली करणारी झटपट कर्जाची ॲप्स आठवा. त्यातली कितीतरी अधिकृत दुकानातच मांडलेली होती. संसदेत सरकारने दिलेल्या माहितीनुसार एप्रिल २०२१ ते जुलै २०२२ या काळात गूगलने साडेतीन ते चार हजार कर्जाची ॲप्स तपासली आणि त्यांपैकी अडीच हजारांवर काढून टाकली. काढली हे चांगलेच केले. पण काढायला ती आधी आत होती, हेही विसरता येत नाही. बाहेरच्या वाटेने येणाऱ्या ॲप्समध्ये घातक माल दुकानापेक्षा पन्नासपटींहून अधिक असतो, असे गूगलने २०२५ साली सांगितले. ते खरे असेल. मात्र हा आकडा सांगणारा स्वतः दुकानदार आहे, याचीही वाचकाने नोंद घ्यावी. दरवाजाने धोका कमी होतो, संपत नाही. आणि दरवाजावर शिपाई आहे म्हणून आतला माणूस निर्धास्त झोपतो, हा एक वेगळाच धोका.

*

सीमाभागातल्या वाचकाला नाका म्हणजे काय हे मी सांगावे असे नाही. नाक्यावर दोन कामे चालत. एक, गाडीत काही वावगे नाही ना, हे पाहणे; दुसरे, जकात घेणे. दोन्हींना आडवा बांबू एकच. त्यामुळे गाडी कशासाठी थांबवली आहे, सुरक्षेसाठी की वसुलीसाठी, हे गाडीवाल्याला कधी नीट कळत नसे.

ॲपच्या दुकानांचे नेमके हेच झाले. जो शिपाई तोच जकातदार. दुकानातून होणाऱ्या विक्रीवर वर्षानुवर्षे पंधरा ते तीस टक्के हिस्सा घेतला गेला. २०२०च्या १८ सप्टेंबरला पेटीएमसारखे कोट्यवधी लोक वापरत असलेले ॲप काही तास प्ले स्टोअरवरून गायब झाले आणि पुन्हा आले. वाद नियमांच्या अर्थाचा होता. २०२४च्या मार्च महिन्याच्या पहिल्याच दिवशी विवाह जुळवणारी, नोकऱ्या शोधून देणारी कितीतरी भारतीय ॲप्स शुल्काच्या वादातून काढली गेली. सरकारने मध्यस्थी केल्यावर ती परत आली. यांत लग्नपत्रिकेचा चोर कोठेही नव्हता. बांबू मात्र तोच होता.

आपल्या देशात हा प्रश्न न्यायासनापुढे गेला आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २०२२च्या ऑक्टोबरात गूगलला पाच दिवसांत दोन दंड ठोठावले, एक १,३३७.७६ कोटी रुपयांचा, दुसरा ९३६.४४ कोटींचा. पहिल्या निकालात आयोगाने असेही बजावले की दुकानाबाहेरून ॲप देण्याच्या वाटेत अडथळे आणू नयेत. २०२३च्या मार्चअखेर अपील न्यायाधिकरणाने तो पहिला दंड कायम ठेवला, पण हा आदेश आणि आणखी तीन आदेश रद्द केले. कायद्याच्या दृष्टीने त्यामागे जी कारणे असतील ती असोत. एका भारतीय संस्थेला वाट मोकळी ठेवणे हा न्याय वाटला आणि दुसरीला तो आदेश टिकवण्याजोगा वाटला नाही, यावरून प्रश्न किती अवघड आहे हे दिसते.

*

येथे मला आमचा सराफा आठवतो. इंदूरच्या या गल्लीचे दोन जन्म असतात. दिवसा ती सोन्याची पेठ. रात्री पेढ्या बंद झाल्या की त्याच ओट्यांवर गराडू, भुट्ट्याचा कीस आणि जिलेबीच्या कढया मांडल्या जातात. 'बाहेरचे खाऊ नये' हे वचन ज्या गावाने सर्वांत कमी पाळले असेल ते आमचे गाव. रात्रीच्या सराफ्यात आपण कढईतले तेल पाहतो, हात पाहतो, गर्दी पाहतो आणि खातो. दिवसाच्या सराफ्यात मात्र डोळ्यांनी भागत नाही. बावीस कॅरेट आणि अठरा कॅरेट यांत साध्या नजरेला फरक दिसत नाही. म्हणून १६ जून २०२१ पासून देशातल्या २५६ जिल्ह्यांत दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा झाला, आणि पुढे प्रत्येक नगावर सहा अक्षर-अंकांची स्वतंत्र खूण आली.

ही सक्ती मला योग्य वाटते. ॲपसुद्धा जिलेबीसारखे नसून सोन्यासारखे आहे; आत काय आहे ते वरून दिसत नाही. मग येथेही ठसा का नको? हवाच. पण ठसा काय करतो ते बारकाईने पाहू. ठसा विकणाऱ्याला बांधतो. घेणाऱ्याला तो माहिती देतो. आजीच्या पेटीतल्या बिनठशाच्या पाटल्या तिने घालाव्यात की नाही, हे तो ठरवत नाही. ठसा नसेल तर पाटली हातात शिरणारच नाही, अशी सोय कोणी केली तर तो ठसा राहिला नाही, ते कुलूप झाले. या सगळ्या वादात ठसा आणि कुलूप या दोन गोष्टींची गल्लत होते, असे माझे म्हणणे आहे. दोन्ही सुरक्षेच्याच नावाने येतात. एक माझ्या विवेकाला साहाय्य करते, दुसरे माझ्या विवेकाची जागा घेते.

२०२५च्या ऑगस्टमध्ये गूगलने जाहीर केले की प्रमाणित अँड्रॉइड फोनमध्ये, दुकानाबाहेरून का असेना, जे ॲप बसवायचे त्याच्या कर्त्याने आपली ओळख आधी पटवून दिलेली असावी. आरंभ २०२६च्या सप्टेंबरात ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड या चार देशांत आणि त्यानंतर इतरत्र. मुक्त सॉफ्टवेअरचे भांडार चालवणाऱ्या एफ-ड्रॉइडसारख्या मंडळींनी यावर मोठा आक्षेप घेतला. नोव्हेंबरात कंपनीने सांगितले की जाणत्या वापरकर्त्यांसाठी, धोका समजून घेऊन पुढे जाण्याची एक वेगळी वाट ठेवली जाईल. आता ही ओळख म्हणजे ठसा की कुलूप?

या अंकाचा किंवा कोणत्याही जुन्या पुस्तकाचा छापील तपशील पाहिला तर 'मुद्रक' आणि 'प्रकाशक' अशी नावे दिसतील. १८६७च्या कायद्याने ती छापणे या देशात बंधनकारक केले. इंग्रज सरकारचा हेतू निव्वळ वाचकाच्या कल्याणाचा होता असे कोणी म्हणणार नाही. तरी त्या नावामुळे एक जबाबदारी आली, हे खरे. २०२४च्या मार्चपासून त्या कायद्याची जागा नियतकालिकांपुरत्या नव्या कायद्याने घेतली. पण त्या दीडशे वर्षांत नाव न छापलेले पत्रक लोकांच्या हाती पडले तर काय होत असे? छापणाऱ्यावर खटला होई. मात्र वाचणाऱ्याच्या हातात ते पत्रक उघडायचे नाकारत नसे. कागद कागदच राही. १९४२ची भूमिगत बुलेटिने लोकांनी वाचली ती यामुळेच.

दुसरे उदाहरण आपल्या अगदी शेजारचे. १९५५च्या नोव्हेंबरात वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोलीच्या रानातून एक नभोवाणी केंद्र सुरू केले. पुढे ते कॅसलरॉकच्या बाजूला गेले. पोर्तुगीज आणि कोंकणी भाषांतून १९६१च्या डिसेंबरापर्यंत ते गोमंतकीयांशी बोलत राहिले. पोर्तुगीज सत्तेच्या दृष्टीने याहून 'अनोळखी स्रोत' दुसरा कोणता असेल? समजा, त्या वेळचे रेडिओसंच मान्यताप्राप्त केंद्राखेरीज दुसरे काही लागूच देणार नाहीत, अशा रचनेचे असते तर? कोणाला पकडण्याची गरज नव्हती. घरोघरच्या संचांनीच ते काम निमूटपणे केले असते.

कोणी म्हणेल, कोठे गोव्याचा मुक्तिसंग्राम आणि कोठे मोबाइलचे ॲप! बरोबर आहे. बाहेरून येणाऱ्या शंभर फाइलींत एकही स्वातंत्र्याचे केंद्र नसेल आणि दहा लग्नपत्रिका असतील. पण कुलपाचा गुण असा की ते एकदा बसले म्हणजे किल्ली आज कोणाच्या हाती आहे एवढेच पाहून भागत नाही. उद्या ती कोणाच्या हाती जाईल, हेही पाहावे लागते.

*

आता उलट बाजूने स्वतःलाच एक अडचण विचारतो. आगरकरांच्या पिढीने मिल वाचला, तेव्हापासून आपल्याकडे एक विचार रुजला आहे: जोवर दुसऱ्याला इजा होत नाही, तोवर केवळ माणसाच्या भल्यासाठी म्हणून त्याच्यावर बळजबरी करू नये. फोन माझा, धोका माझा, बुडेन तर मी बुडेन. पण खरोखरच फोन केवळ माझा असतो काय? त्यात माझ्या बहिणीचा क्रमांक आहे, शेजाऱ्यांच्या मुलीच्या लग्नातली छायाचित्रे आहेत, मंडळाच्या सभासदांची यादी आहे. माझ्या फोनात चोर शिरला की उद्या तीच पत्रिका माझ्या नावाने दोनशे घरांत जाते. म्हणजे 'माझा धोका मी पत्करतो' हे वाक्य अर्धेच खरे आहे. माझ्या धोक्यात दोनशे माणसे न विचारता भागीदार झालेली असतात.

ही अडचण खरी आहे, आणि स्वातंत्र्याचा पुरस्कार करणारे ती सहसा टाळतात. पण तिच्यातून कुलूप निघत नाही, कर्तव्य निघते. इंदूर २०१७ पासून वर्षानुवर्षे देशातले सर्वांत स्वच्छ शहर ठरत आले, ते कसे? एका घरचा कचरा रस्त्यावर आला की तो सगळ्यांचा होतो, हे खरेच होते. त्यावर महापालिकेने लोकांनी काय विकत आणावे यावर बंदी घातली नाही. कचरागाडी दारोदार आली आणि ओला, सुका असे करता करता कचऱ्याचे सहा भाग प्रत्येक घराने आपल्या दारातच वेगळे करावेत, हा शिरस्ता पाडला. त्यात दंडही होता, शिकवणही होती आणि गाडीवरचे ते गाणेही होते. वेगळे करण्याची अक्कल प्रत्येक घरात असू शकते, असा त्यामागे विश्वास होता. तो विश्वास आधी ठेवावा लागला. अक्कल नंतर आली.

म्हणून बाहेरून ॲप आणण्याच्या एकाच कृतीत तीन वेगळ्या कृती आहेत, हे ओळखले पाहिजे. मी माझ्या फोनात टाकतो, ही पहिली. मी दुसऱ्याच्या फोनात टाकून देतो, ही दुसरी. आणि मी दुसऱ्याला फाइल पाठवतो, ही तिसरी. पहिलीत मी मालक आहे. दुसरीत मी विश्वस्त आहे. दुकानातला पोऱ्या असो की घरातला नातू, 'डाल देता हूँ' म्हणताना तो समोरच्याची किल्ली घटकाभर हाती घेतो, आणि आपण काय टाकले, ते काय पाहू शकते, हे सांगितल्याशिवाय ती परत करण्याचा त्याला अधिकार नाही. तिसरीत मी साक्षीदार आहे. माझ्या क्रमांकावरून गेलेल्या फाइलवर माझ्या ओळखीचा ठसा उमटलेला असतो. न तपासता पुढे ढकलणे ही खोटी साक्ष होय. पहिल्या कृतीसाठी जे स्वातंत्र्य मी मागतो, तेच दुसऱ्या आणि तिसऱ्या कृतीला लावता येत नाही.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, राजेंद्रनगरात एक सेवानिवृत्त शिक्षिका एकट्या राहतात. मुलगा पुण्याला. लग्नपत्रिकेच्या बातम्या वाचून तो घाबरला आणि सुट्टीत येऊन त्याने आईच्या फोनाच्या सगळ्या वाटा बंद करून टाकल्या. इकडे त्यांच्या भजनी मंडळातल्या एका बाईंच्या भाच्याने मंडळासाठी एक छोटे ॲप केले आहे. त्यात मंडळाची पदे, वाढवता येणारी मोठी अक्षरे, एकादशीची आठवण. त्याने ते दुकानात ठेवले नाही. दुकानात ठेवायचे तर आधी पंचवीस डॉलर भरा, आणि नव्या खात्याला २०२३ पासून ठरावीक संख्येने परीक्षक जमवून चौदा दिवस चाचणी करून दाखवा. तीस बायकांच्या मंडळासाठी हा खटाटोप कोण करणार? मंडळातल्या सगळ्यांच्या फोनात ते ॲप आले. आजींच्याच आले नाही. त्यांनी मुलाला विचारले, तर तो म्हणाला, 'आई, बाहेरचं काही नको गं. उगीच विषाची परीक्षा कशाला?'

मुलगा दुष्ट आहे काय? मुळीच नाही. त्याचे प्रेम खरे, भीतीही खरी. पण ज्या बाईने तीस-पस्तीस वर्षे वर्गावर उभे राहून इतरांच्या मुलांना बरे-वाईट निवडायला शिकवले, तिला आपल्या मंडळातल्या मैत्रिणीच्या भाच्याची पारख करता येणार नाही, असे त्याने परस्पर ठरवून टाकले. पैसे वाचले असतील. पण आजींच्या मनात जे उरले त्याला आपल्या भाषेत 'परस्वाधीन होणे' म्हणतात. आणि तोटा एवढ्यावर थांबत नाही. जिला कधी निवडू दिले नाही, तिला निवडता येईनासे होते. उद्या चोर फाइल न पाठवता नुसता दूरध्वनी करील, बँकेतला साहेब म्हणून गोड बोलेल. तेव्हा मुलाने लावलेले कुलूप कामाचे नाही. तेथे आजींची पारखच कामाची, आणि ती तर गंजून गेलेली.

त्या मुलाने काय करावे? त्याने आईजवळ बसावे. एपीके ही तीन अक्षरे तिला दाखवावीत. आणि दारात आलेल्याला आपली जुनी माणसे जो प्रश्न विचारत, तो फोनालाही विचारायला शिकवावे: बाबा रे, तुला हवे काय? कोठून आला, यापेक्षा काय मागतो, यावरून पाहुण्याची परीक्षा लवकर होते. भजनाच्या ॲपला संदेश वाचण्याची परवानगी कशाला हवी? पत्रिकेला सगळ्या फोनाचा ताबा कशाला हवा? या प्रश्नाला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. संसार केलेला असला की पुरते. आनंदाची गोष्ट म्हणजे यंत्रेही याच दिशेने शिकू लागली आहेत. २०२४ साली आधी सिंगापुरात आणि मग भारतात गूगलने जी एक चाचणी योजना आणली, तीत बाहेरून आलेले ॲप संदेश वाचण्यासारख्या नाजूक परवानग्या मागत असेल तरच ते अडवायचे, असे सूत्र होते. तेही अडवणेच आहे, पण त्यात निदान मागणीकडे पाहिले जाते. जातीपेक्षा वर्तनावरून पारख करणे, असे त्याला म्हणता येईल, आणि आपल्या समाजाला यातले तारतम्य वेगळे समजावण्याची गरज नसावी.

हे सारे करूनही घात होईल. शिकलेली माणसेही फसतात. तेव्हा लाजेने गप्प न बसता १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. पहिल्या तासात पैसे अडवण्याची शक्यता सर्वांत जास्त. फसलेल्याला मूर्ख ठरवण्याची आपली सवय चोराला सर्वांत जास्त उपयोगी पडते, कारण तिच्यामुळेच माणूस तो पहिला तास गप्प राहण्यात घालवतो.

*

मग कुलूप कोणीच कधीच लावू नये काय? असे मी म्हणत नाही. ज्याला स्वतःच्या दाराला कुलूप हवे त्याने खुशाल लावावे. लहान मुलाच्या फोनाला पालकाने लावावे. विस्मृतीच्या आजाराने ग्रासलेल्या वृद्धासाठी घरच्यांनी लावावे. आजींनी स्वतः मुलाला सांगितले असते की, 'मला हे झेपत नाही, तू बंद करून ठेव', तर तेही त्यांच्या स्वातंत्र्याचेच एक रूप झाले असते. प्रश्न कुलपाचा नाही, किल्लीचा आहे. किल्ली राहत्या माणसाच्या हाती असेल, किंवा त्याच्या नावाने आणि त्याच्या वतीने दुसऱ्याच्या हाती असेल, तोवर कुलूप हे घराचे भूषण आहे. किल्ली कायमची बांधकाम करणाऱ्याकडेच राहिली, तर ते घर आपण विकत घेतलेले नाही; बिनमुदतीच्या भाड्याने राहतो आहोत, एवढेच.

दुकानदारांनी ठसा मारावा, ठळक मारावा, आपल्या भाषेत मारावा. खोटा ठसा मारणाऱ्याला सरकारने शिक्षा करावी. संशयास्पद पाहुण्याला दारात थोडे थांबवून ठेवावे. घाई हे चोराचे हत्यार आहे, आणि विलंब ही घरधन्याची ढाल. पण सगळे सांगून झाल्यावर शेवटची कडी काढायची की नाही, हे घरधन्याने ठरवावे. तो कधी चुकेल. चुकीची किंमत त्याला आणि कधी त्याच्या शेजाऱ्यांनाही मोजावी लागेल, म्हणूनच त्याने सावध असावे आणि शेजाऱ्यांनी त्याला सावध करावे. या शेजारधर्माला पर्याय म्हणून जगाच्या पाठीवर कोठे तरी बसलेल्या एखाद्या कंपनीकडे किल्ल्यांचा जुडगा सोपवून आपण निर्धास्त व्हावे, हे मला पटत नाही.

आपण सारेच कोणाच्या ना कोणाच्या दृष्टीने बाहेरचे असतो. इंदूरचा मराठी माणूस असतो, सीमेवरचा असतो, मंडळासाठी ॲप लिहिणारा भाचाही असतो. बाहेरून आलेल्याकडे संशयाने पाहावे, त्याला चार प्रश्न विचारावेत, उत्तर पटले नाही तर त्याला वाटेला लावावे. हा प्रत्येक घराचा हक्क आहे. पण प्रश्न विचारण्याआधीच दार भिंतीत बुजवून टाकणे, याला सावधपणा म्हणत नाहीत.